भिंतीतला खिळा: नॅशव्हिलमध्ये संसारावर एक कंट्री गाणं करताना

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल म्हणजे कंट्री या तिथल्या गावाकडच्या संगीताचं माहेर. इथे नवीन माणूस भेटला की लोक दोन गोष्टी विचारतात. हॉट चिकन खाऊन पाहिलं का, आणि गाणी लिहिता का. दुसरा प्रश्न थट्टेतला नसतो. आमच्याकडे येणारा प्लंबर गाणी लिहितो, मुलाच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी मुलगी लिहिते, गल्लीच्या टोकाचे निवृत्त पोस्टमन तर दर आठवड्याला एक लिहितात. मी सांगलीची, आयटीतली, लहानपणी हार्मोनियमवर गांधर्वच्या पहिल्या काही परीक्षा दिलेली. २०१९ मध्ये आम्ही इथे आलो तेव्हा मी सरळ ‘नाही’ म्हणून मोकळी व्हायचे.

२०२३ मध्ये एक लिहिलं. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसासाठी, इंग्रजीत, अगदी ठरीव कंट्री वळणाचं. लिहिणं हा त्यातला लहान भाग निघाला. वाटे ठरवणं, डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग), कॉपीराइट, रॉयल्टीच्या संस्था, करांचे कागद यांतच बाकीचं वर्ष गेलं. मराठीतून हे सगळं सांगणारं कुणी सापडलं नाही, म्हणून क्रमाने लिहून ठेवते. आकडे माझ्या वेळचे आहेत, फिया बदलत राहतात.

आधी कंट्रीबद्दल थोडं. घोडे, टोप्या, ट्रक आणि दारू एवढंच त्यात असतं असं मलाही वाटायचं. ऑफिसला जाताना गाडीत रेडिओ ऐकून ऐकून लक्षात आलं की यातली कितीतरी प्रेमगीतं लग्नानंतरची आहेत. घराचे हप्ते, ओसरीवरच्या दोन खुर्च्या, पोरांचे बूट, भांडण झाल्यावर कुणी आधी चहा टाकायचा. हिंदी सिनेमातलं प्रेमगीत बहुतेक वेळा मांडवापाशी येऊन थांबतं, ही गाणी मांडव उतरल्यावर सुरू होतात. आणि वस्तूंची नावं घेतल्याशिवाय ती बोलतच नाहीत. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत उंबरा, तुळस, भावाची बैलगाडी असं सगळं नाव घेऊन यायचं, तोच हा स्वभाव.

आम्ही आलो त्याच सुमारास इथल्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयात फेलिस आणि बूडलो ब्रायंट या जोडप्यावर प्रदर्शन लागलं होतं. त्यांचं लग्न १९४५ चं, १९५० मध्ये ते नॅशव्हिलला आले आणि फक्त गाणी लिहून पोट भरणारी इथली पहिली माणसं म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांची गाणी मोठ्या जाडजूड हिशेबाच्या वह्यांत लिहिलेली आहेत, दुकानातल्या खतावण्या असतात तशा. नवऱ्याला गाण्यात काडीचा रस नाही, पण त्या वह्यांपुढे तो बराच वेळ उभा राहिला. “हिशेब चोख दिसतो,” एवढंच म्हणाला.

आता गाण्याचं बीज. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारला की घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. कोलंबस, शार्लट, डॅलस, मग इथलं अपार्टमेंट, सगळीकडे आमचा लग्नातला फोटो जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेला. मुलगा रांगायला लागला तेव्हा फोटो सोफ्यामागे गेला. मे २०२२ मध्ये घराचे कागद झाले, किल्ली हातात आली आणि खोकी उघडायच्या आधी नवरा हातोडी शोधायला लागला. इकडची घरं लाकडी सांगाड्याची, त्यावर ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या, पाट्या. सांगाड्याचे उभे दांडे साधारण सोळा-सोळा इंचांवर असतात. खिळा दांड्यात गेला तर जन्मभर टिकतो, नुसत्या ड्रायवॉलमध्ये गेला तर वजनाने भोक मोठं होत जातं. नवरा सिव्हिल इंजिनिअर, नागपूरचा. बोटाच्या पेराने भिंत ठोकत ठोकत गेला, पोकळ आवाज बद्द झाला तिथे पेन्सिलने फुली मारली, खिळा ठोकला, फोटो अडकवला, दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “हा खिळा आता निघत नाही बापा.”

जानेवारी २०२३ मध्ये मी वहीत पहिलं कडवं लिहिलं ते डिपॉझिटवर.

कुणी व्हिसावर असेल तर हा परिच्छेद लक्ष देऊन वाचा. आम्ही दोघंही तेव्हा एच-वन-बीवर होतो. हा व्हिसा ज्या कंपनीने काढला तिच्यासाठीच काम करायची परवानगी देतो, म्हणून फेब्रुवारीत मी वकिलांना मेल टाकून विचारलं: गाणं लिहिलं तर चालेल का, स्टेजवर गायलं तर, पुढेमागे रॉयल्टी आली तर? लेखी उत्तर यायला तीन आठवडे लागले. मला सांगितलेला मुख्य मुद्दा असा की छंद म्हणून लिहायला हरकत नाही, कार्यक्रम करून मानधन घ्यायचं नाही, रॉयल्टीचा प्रश्न येईल तेव्हा पुन्हा विचारायचं. तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं, तेव्हा माझ्या उत्तरावर विसंबू नका. पण विचारा लेखी, आणि उत्तर जपून ठेवा.

मार्चमध्ये ब्लूबर्ड कॅफेला गेले, गायला नव्हे, ऐकायला. हे ठिकाण ग्रीन हिल्स भागात दुकानांच्या एका साध्या रांगेत आहे, शेजारून गेलात तर कळणारही नाही. १९८२ मध्ये सुरू झालं, जेमतेम नव्वद खुर्च्या. १९८५ मध्ये डॉन श्लिट्झ, थॉम स्कायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या चार गीतकारांनी स्टेज सोडून खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसायला आणि आळीपाळीने आपापली गाणी गायला सुरुवात केली, तो प्रकार आता शहरभर चालतो. गाणं चालू असताना बोलणाऱ्याला इथे ‘शू’ करतात, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पुण्यातल्या एखाद्या मैफलीला मोबाइल वाजल्यावर मागे वळून बघणारे काका आठवले. सोमवारी ओपन माइक, म्हणजे कुणीही येऊन गायचा कार्यक्रम, असतो, नाव नोंदवायची पद्धत आधी त्यांच्या साइटवर बघून जा.

तिथे बाहेरच्या रांगेत माझी सहलेखिका भेटली. पूर्व टेनेसीच्या डोंगरातल्या गावातून आलेल्या, सत्तरीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून आपण बाईच म्हणू. रांगेत थंडी वाजत होती, त्यांनी थर्मासमधली कॉफी दिली, मी डब्यातली चकली दिली. त्यांनी दुसरी मागून घेतली आणि विचारलं, “तू काय लिहितेस?”

एप्रिलमध्ये मी नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनलची सभासद झाले. १९६७ पासूनची संस्था, ऑफिस म्युझिक रो या संगीत कंपन्यांच्या भागात, आणि ब्लूबर्डही २००८ पासून त्यांच्याच ताब्यात आहे. वर्षाची वर्गणी दोनशे डॉलरहून थोडी जास्त पडली. सभासदाचं गाणं एखादा अनुभवी गीतकार ऐकतो आणि शेरे देतो. माझ्या कच्च्या खर्ड्यावरचा शेरा मला अजून पाठ आहे: पहिल्या कडव्यात एक घर दिसतं, ध्रुवपदात ते घर कुठे गेलं? इथल्या गीतकारांच्या बोलण्यात ‘फर्निचर’ हा शब्द सारखा येतो, म्हणजे गाण्यात हाताला लागणाऱ्या वस्तू किती आहेत. सोफा, हातोडी, पावती. ध्रुवपदात माझ्याकडे फर्निचर नव्हतं, नुसतं प्रेम होतं.

मे महिन्यात एका शनिवारी सकाळी दहाला बाईंच्या घरी हेंडरसनव्हिलला गेले. दहा ही इथली एकत्र लिहायची रूढ वेळ. हेंडरसनव्हिल ओल्ड हिकरी तलावाच्या काठावर आहे, कंट्रीतले नामवंत गायक जॉनी कॅश आणि जून कार्टर यांनी संसार मांडला तो याच गावात. १ मार्च १९६८ ला केंटकीतल्या फ्रँकलिन गावात त्यांचं लग्न झालं, २००३ मध्ये चार महिन्यांच्या अंतराने दोघंही गेले. पुढे ते घर जळालं. बाईंनी मला मुद्दाम त्या रस्त्याने नेऊन आणलं. “इथल्या बाया अजून त्या दोघांची नावं एका दमात घेतात,” म्हणाल्या.

एकत्र लिहायला बसणं म्हणजे काय याची मला भीती होती. प्रत्यक्षात पहिला तास-दीड तास नुसत्या गप्पा झाल्या. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, कारण बोलता बोलता निसटलेली ओळ पुन्हा तशीच्या तशी आठवत नाही. (ही सूचना माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची आहे.) मी भाड्याच्या घरांचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, भिंत ठोकण्याचं सांगितलं. मग शेवटी तो काय म्हणाला ते सांगितलं. बाईंनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. “हेच आहे की तुझं ध्रुवपद. इतका वेळ काय सांगत बसलीस?”

दुपारपर्यंत ध्रुवपद झालं. पहिल्या कडव्यात घरमालकांच्या पावत्या, दुसऱ्यात हातोडी आणि पेन्सिलची फुली, दोन्हींनंतर ‘हा खिळा निघणार नाही’. पहिल्यांदा ते वाक्य भिंतीबद्दल असतं, दुसऱ्यांदा माणसाबद्दल. कंट्रीत ही खुबी फार जुनी आहे: शेवटची ओळ तीच ठेवायची आणि कडव्याने तिचं वजन बदलायचं. मधल्या तुकड्याला, ज्याला ब्रिज म्हणतात, काही सुचेना. ते तसंच ठेवून घरी आले.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, “ब्रिजमध्ये तुझा फोटो थोडा वाकडा लागलाय असं घालू का?”

तो घास ठेवून फोटोपाशी गेला, लेव्हल लावून आला. “फोटो सरळच आहे. भिंत वाकडी आहे.”

ब्रिज झाला.

पुढच्या भेटीत बाईंनी लिहिण्याआधी एक कागद पुढे केला, स्प्लिट शीट. गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रॉयल्टी संस्था, वाट्याची टक्केवारी, सह्या. इथला रिवाज असा की खोलीत जे लिहायला बसले ते सगळे समान वाटेकरी, मग कुणी एक शब्द दिलेला असो की वीस ओळी. भांडणं टाळायला याहून चांगली रीत मी आयटीतही पाहिलेली नाही. बाईंनी कागदावर तीन नावं लिहिली. मी म्हटलं, नवरा खोलीत नव्हता. “त्याचं वाक्य होतं ना? आणि ब्रिज?”

कायद्याने बघितलं तर गाण्याचं शीर्षक, नुसती कल्पना किंवा एखादा छोटा वाक्प्रयोग यांवर अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही. आमच्या शीर्षकासारखी शीर्षकं आधीच कितीतरी गाण्यांना आहेत, त्याने काही बिघडत नाही. नुसत्या खिळ्याच्या वाक्यावर नवरा कोर्टात गेला असता तर फारसं हाती लागलं नसतं. पण बाई कोर्टाचं बोलत नव्हत्या. ज्याने ओळ दिली त्याला नाव न देणं त्यांना शोभणारं वाटत नव्हतं, आणि सत्तरीच्या शिक्षिकेशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

कागद घरी आणला. नवऱ्याने आयुष्यभर टेंडर आणि करारनामे वाचलेले, त्यामुळे त्याने तो एकपानी कागद चार वेळा वाचला. “याच्यात माझी जबाबदारी काय हे कुठेच लिहिलं नाही.” जबाबदारी काही नाही, म्हटलं. “मग सही कशापायी? मी गाणं नाही लिहिलं, मी खिळा ठोकला.” तिसरा खोडा टक्केवारीचा. तेहतीस पूर्णांक तेहतीस असे तीन वाटे केले की बेरीज ९९.९९ येते, आणि फॉर्मला १०० लागतात. तो उरलेला ०.०१ कुणाचा यावर जेवणं आटोपेपर्यंत चर्चा चालली. शेवटी बाईंनी फोनवर निकाल दिला: खिळा ज्याने ठोकला त्याला ३३.३४.

जुलैपर्यंत गाणं पुरतं बसलं. मग डेमो.

डेमोचे दोन मार्ग. एक गिटार आणि गळा, तीनेकशे डॉलरमध्ये होतो. दुसरा पूर्ण वाद्यवृंदाचा, आठशेपासून पुढे कितीही. आम्ही दुसरा घेतला, पण तीन तासांचं एक सत्र आणखी काही गीतकारांसोबत वाटून. माझ्या वाट्याला वादक आणि स्टुडिओ मिळून साडेनऊशे आले, गायिकेचे दीडशे वेगळे. स्टुडिओ बेरी हिलमध्ये होता. नॅशव्हिलच्या पोटातलं हे एक चिमुकलं स्वतंत्र शहर, जिथे जुन्या बैठ्या घरांत ओळीने स्टुडिओ आहेत. बाहेरून पडवी, कुंड्या, आत लाखो डॉलरची यंत्रं.

सप्टेंबरमधल्या त्या सकाळचं थोडं जास्त लिहिते, कारण मी त्यासाठीच हे सगळं केलं असं आता वाटतं. वादकांनी गाणं आधी ऐकलेलं नसतं. म्होरक्याने आमचं साधं रेकॉर्डिंग एकदा लावलं आणि ते चालू असतानाच एका पानावर आकडे लिहीत गेला. स्वरलिपी नाही, कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, नावं नाहीत, नुसतं १, ४, ५, मध्ये कुठे ६ च्या पुढे एक आडवी रेघ. ही नॅशव्हिलची आकडेपद्धत, जॉर्डनेअर्स या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूजने १९५० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली. पट्टी कुठलीही असो, तिचा पहिला स्वर म्हणजे १. आकड्याभोवती चौकोनी हिरा काढला की तो कॉर्ड वाजवून तसाच धरायचा. गायिका म्हणाली, मला अर्धा स्वर खाली हवं. कुणी कागदाला हात लावला नाही. ज्याने हार्मोनियमवर काळी एक आणि पांढरी चार यांत उड्या मारत सरगम घोकली आहे, त्याला हे वेगळं शिकावं लागत नाही. सा सरकला, बाकी सगळं जागच्या जागी. मी पहिल्याच फेरीत आकडे बघत गुणगुणत होते, तेव्हा बास वाजवणाऱ्याने विचारलं, “आधी केलंय का हे?” मी म्हटलं, बालपणी, दुसऱ्या नावाने.

पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची पेडलांची गिटार, वाजवणारे आजोबा कोपऱ्यात बसलेले. डाव्या हातात धातूची कांडी, उजव्या हाताच्या बोटांत पिक, डावा पाय पेडलांवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, आणि दोन्ही गुडघे खालच्या दांड्यांमध्ये अडकवलेले. एकाच वेळी इतक्या अवयवांनी मींड काढणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता. ‘भिंत वाकडी आहे’ या ओळीनंतर त्यांनी एक स्वर मुद्दाम थोडा खालून घेत सरळ आणला. कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या फेरीत गाणं झालं, पाऊण तासाच्या आत.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. वादकांच्या संघटनेचा डेमोचा दर फक्त डेमोपुरता असतो. तेच रेकॉर्डिंग पुढे बाजारात आणायचं, म्हणजे स्पॉटिफायवर वगैरे टाकायचं, तर दर वेगळा. स्टुडिओ ठरवतानाच विचारा आणि कागदावर घ्या. आम्हाला ते हवं होतं, म्हणून वर दोनशे भरले आणि गायिकेकडूनही सही घेतली.

ऑक्टोबरमध्ये कॉपीराइट. गाणं कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरलं की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण अमेरिकेतल्या गाण्यावरून कोर्टात जायचं तर ती लागते. स्वतःलाच पाकीट पोस्टाने पाठवून सीलबंद ठेवायचं ही जी युक्ती सांगतात, तिचा उपयोग नाही. अर्ज कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर ऑनलाइन होतो. लेखक एकच आणि गाणंही एकच असेल तर पंचेचाळीस डॉलर, आम्ही तिघं होतो म्हणून पासष्ट. अप्रकाशित गाणी दहापर्यंत असतील आणि लेखक तेच असतील तर पंच्याऐंशी डॉलरमध्ये एकत्र नोंदता येतात, वही भरलेली असेल तर हा मार्ग स्वस्त.

फॉर्ममध्ये तीन ठिकाणी थांबावं लागतं. ‘वर्क मेड फॉर हायर’ म्हणजे नोकरीचा भाग म्हणून लिहिलं का, आमचं उत्तर नाही. मग शब्द कुणाचे, संगीत कुणाचं: शब्द तिघांचे, संगीत बाईंचं आणि माझं. नागरिकत्वाच्या रकान्यात आम्ही भारत लिहिलं, राहण्याच्या देशात अमेरिका. आणि पत्ता! त्या अर्जातला पत्ता सार्वजनिक नोंदीत जातो. बाईंनी आधीच बजावलं होतं म्हणून मी पोस्टाची पेटी घेतली. फी, अर्ज आणि गाण्याची प्रत तिन्ही पोचली की तीच नोंदणीची तारीख धरतात, सर्टिफिकेट हातात यायला कितीही वेळ लागो.

नाव हा मराठी माणसाचा खास प्रश्न. आमच्या मधल्या नावाचं काय करायचं? पासपोर्टवर नवऱ्याचं मधलं नाव म्हणजे त्याच्या वडिलांचं नाव, माझं मधलं नाव म्हणजे तो. बँकेत मधल्या नावाचं फक्त अक्षर, सोशल सिक्युरिटी कार्डावर पूर्ण. सगळ्या फॉर्मांत एकच रूप ठेवा, सोशल सिक्युरिटी कार्डावरचं. नाहीतर पैसे एका नावाने येतात आणि गाणं दुसऱ्या नावावर राहतं.

नोव्हेंबरमध्ये रॉयल्टीच्या संस्था. गाणं रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वाजलं की त्याचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था इथे बीएमआय, ॲस्कॅप, सेसॅक वगैरे. गीतकाराला एका वेळी यातल्या एकीतच राहता येतं, पण सहलेखक वेगवेगळ्या संस्थांत असले तरी अडत नाही. सगळ्यात गोंधळ हिशेबाचा. बीएमआय एका गाण्याचे २०० टक्के धरते, शंभर लेखकाचे आणि शंभर प्रकाशकाचे. ॲस्कॅपकडे बेरीज शंभरचीच, निम्मी-निम्मी. नवऱ्याने २०० टक्के हा आकडा पाहून लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. “हे बांधकाम मी नाही करत.”

वकिलांना पुन्हा विचारून मगच आम्ही दोघांनी नावं नोंदवली. करासाठी आम्ही इथले रहिवासी धरले जातो, म्हणून डब्ल्यू-नाइन फॉर्म. भारतात राहणाऱ्या माणसाला डब्ल्यू-एट-बेन भरावा लागतो. भारतातले गीतकार आयपीआरएसचे (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासद होऊ शकतात, १९६९ पासूनची ही संस्था मुंबईत आहे आणि परदेशी संस्थांशी तिचे करार आहेत, त्यामुळे पुण्यात बसून लिहिणाऱ्याला अमेरिकेतल्या संस्थेचं सभासद व्हावंच लागतं असं नाही. स्ट्रीमिंगचे आणखी एक प्रकारचे पैसे मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह या संस्थेकडे जातात. २०१८ च्या कायद्याने ती निघाली, २०२१ पासून काम करते, नॅशव्हिलमध्येच आहे, नोंदणी फुकट. गाणं नोंदवलं नाही तर ते पैसे नाव नसलेल्या ढिगात पडून राहतात.

कॉपीराइटचा अर्ज गेल्यावर काही आठवड्यांत मेल यायला लागले. तुमचं गाणं आमच्या निवड समितीने ऐकलं, फार आवडलं, प्रकाशित करू, प्रक्रियेचे चारशे पंच्याण्णव डॉलर पाठवा. गाणं मी त्यांना पाठवलंच नव्हतं तर ऐकलं कुठून? अशा लोकांना इथे साँग शार्क म्हणतात. खरा प्रकाशक गीतकाराकडे पैसे मागत नाही. मेल सरळ उडवून टाका, उत्तरही देऊ नका.

डिसेंबरमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला घरीच वीस-पंचवीस माणसं बोलावली. मसालेभात, अळूवडी, आणि बाईंनी स्वतः केलेलं बिस्किट-ग्रेव्ही. बाईंनी गिटारवर गाणं गायलं, मी आकड्यांचा कागद पुढे ठेवून हार्मोनियम धरली. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, “त्यात दांड्याचं सांगितलं ना? नुसत्या ड्रायवॉलमध्ये नाही टिकत.” इथली मंडळी त्याला गीतकार म्हणून ओळखतात ते तेव्हापासून.

कॉपीराइटचं सर्टिफिकेट मार्च २०२४ मध्ये टपालाने आलं. तिन्ही नावं बरोबर, मधल्या नावांसकट. एकूण खर्च सोळाशे डॉलरच्या आत राहिला, त्यातले निम्म्याहून जास्त डेमोचे. नुसतं गिटार आणि गळा घेतला असता तर सहाशेत भागलं असतं, आणि पहिल्याच गाण्याला मी कुणालाही तेच सांगेन. पण मग पेडल स्टीलवाले आजोबा भेटले नसते, तेव्हा हा सल्ला मी जरा चोरूनच देते. रॉयल्टीचा पहिला हिशेब आला त्यात एक कॉफीही येत नाही.

बाईंनी दुसऱ्या गाण्यासाठी तारीख मागितली आहे. नवरा मात्र सावध झालाय. जेवताना एखादं बरं वाक्य तोंडून गेलं की लगेच विचारतो, “याचे किती टक्के?” रिवाजाप्रमाणे ३३.३३. या वेळी वरचा ०.०१ मी घेणार आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.